विरजणापुरते पैसे

(प्रस्तावना)

अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख वाचून हळहळलेली माणसं पुष्कळ असतील. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई नुसते हळहळून थांबले नाहीत. व्यसनात अडकलेल्या मुलांसाठी काही उभं राहावं म्हणून त्यांनी अवचट पतिपत्नींना एक लाख रुपये देऊ केले. तेव्हा केंद्र नव्हतं, इमारत नव्हती, दाखवायला एकही बरा झालेला रुग्ण नव्हता. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. सुनंदा अवचट होत्या, व्यसनी मुलांना भेटून अस्वस्थ झालेला एक लेखक होता, आणि या दोघांच्या हातून काहीतरी होईल असं वाटणारं एक जोडपं होतं. त्याच रुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

या हकिकतीत मला आकड्यापेक्षा वेळ महत्त्वाची वाटते. मुक्तांगण नावारूपाला आल्यावर लाख रुपये देणारे कितीतरी मिळाले असते. काहीच नसताना देणारे मिळणं अवघड. हे पुस्तक त्या अवघड वेळेच्या पैशांविषयी आहे. मोठ्या देणग्यांची दखल घ्यायला कोनशिला असतात, स्मरणिका असतात, सभागृहाच्या दारावरची नावं असतात. पहिला पैसा मात्र बहुतेक वेळा एखाद्या जुन्या वहीच्या पहिल्या पानावर असतो, आणि ती वही पुढं कुठल्यातरी बदलाबदलीत हरवते. सामाजिक कामांच्या पहिल्या एक-दोन वर्षांत कोणी किती दिलं, कशासाठी दिलं आणि त्याचं काय झालं, ते या पुस्तकात एकत्र केलं आहे. प्रस्तावना लिहायची म्हणून मी ते वाचायला घेतलं आणि वाचता वाचता मला आजीचं दही आठवलं.

आमच्या घरी दही लावायचं काम आजीचं. दूध तापवून ती निवत ठेवायची, करंगळी बुडवून बघायची, कोमट झालं की चमचाभर विरजण घालून एकदाच ढवळायची आणि भांडं कोनाड्यात ठेवून द्यायची. आम्ही पोरं झाकण उघडायला गेलो की ओरडायची, ‘हलवू नका रे, लागायचं नाही.’ विरजण थोडंच लागतं. जास्त झालं की दही आंबट. ते वेळेवर घालावं लागतं. दूध कढत असलं तर बिघडतं, पार गार झालं तर लागत नाही. आणि एकदा घातलं की हात आवरावा लागतो. किती, केव्हा आणि नंतर काय करायचं नाही, या तीन गोष्टी आजीला कळत होत्या. पैसे देणाऱ्या पुष्कळ शहाण्या माणसांना त्या कळत नाहीत, असं इतक्या वर्षांनी म्हणायला हरकत नाही.

मराठीत या शब्दाची दुसरी बाजूही आहे. दही लागतं ते विरजणानं, आणि एखाद्याच्या उत्साहावर पडतं तेही विरजणच. देणगीचं अगदी तसंच आहे. दोन्ही प्रकार मी जवळून पाहिले आहेत.

आधी ‘किती’चं बघू. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाचं काम सुरू केलं तेव्हा स्वतःच्या शिलकीतले हजार रुपये त्यात घातले. म्हणजे पहिला देणगीदार संस्थापकच. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला, तो रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या सहा एकर जागेवर. झोपडी बांधायला ७५० रुपयेही त्यांनीच दिले. फर्ग्युसनमध्ये गणिताचे तास झाले की कर्वे पायी हिंगण्याची वाट धरत. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले, स्वतः विधवा, गावोगाव हिंडून आश्रमासाठी वर्गणी गोळा करत. पुढं त्या त्यासाठी अमेरिकेपर्यंत गेल्या. १९१६ साली महिला विद्यापीठ निघालं, पाच विद्यार्थिनींना घेऊन. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं, नाव मिळालं. त्या १५ लाखांनी विद्यापीठाला बळ दिलं, हे खरंच. पण ७५० रुपयांची झोपडी उभी राहिली नसती तर १५ लाखांना पत्ताच सापडला नसता. आज एसएनडीटी हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे, गोखल्यांचं ठाऊक असणारे थोडे.

साताऱ्याकडची तऱ्हा याहून वेगळी. कऱ्हाडजवळच्या काले या गावी १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांना खायला घालायचं तर पैसे हवेत, आणि रयतेकडं पैसे नव्हते, धान्य होतं. त्यातून मुष्टिफंड निघाला. घरातल्या बाईनं स्वयंपाकाचं धान्य काढताना एक मूठ बाजूला ठेवायची आणि ती साठवण संस्थेला द्यायची. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्याच मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. या मुठीचा विचार केला की मला तिच्यातला हिशेब जाणवतो. ज्या बाईनं मूठ दिली तिला ते वसतिगृह माहीत होतं, तिथली पोरं माहीत होती, कदाचित तिचा भाचाच तिथं जेवत होता. काम बरं चाललं आहे की नाही, हे तिला कुणी अहवालातून कळवायची गरज नव्हती. बिनसलं असतं तर मूठ बंद झाली असती. देणारा आणि काम यांच्यात अंतर कमी असलं की कागद कमी लागतो. आजच्या छोट्या निधींनी या पुस्तकातून एकच गोष्ट उचलायची ठरवली तर ती ही उचलावी.

पहिली मदत रोख रकमेतच यावी असंही नाही. १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंची मुलींची शाळा भिडे वाड्यात भरली, तेव्हा वाडा मिळणं हीच मोठी देणगी होती. त्या काळात अशा शाळेला जागा देणं म्हणजे सगळ्या पेठेचं वाईटपण घेणं. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं ते गुरांच्या जुन्या दवाखान्यात. अभय आणि राणी बंग यांचं गडचिरोलीतलं ‘सर्च’ १९८६ साली तेंदूपानाच्या गोदामात सुरू झालं. गोठा, गोदाम, पडवी, देवळाची ओसरी, रविवारी रिकामी पडणारी झेडपीची खोली: आपल्याकडच्या कितीतरी मोठ्या कामांचं बाळंतपण असल्या जागांत झालं आहे. पहिल्या वर्षी भाडं वाचलं की एका माणसाचं मानधन निघतं. हे गणित ज्यानं संस्था चालवली आहे त्यालाच कळतं.

आता ‘केव्हा’. इथं गाडी कायद्याच्या फाटकापाशी अडते. समजा गावातल्या चार मुलींनी मिळून काहीतरी सुरू केलं. संस्था नोंदवायची तर १८६० च्या कायद्याखाली सात माणसं हवीत. विश्वस्त संस्था करायची तर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. मग प्राप्तिकर सवलतीची प्रमाणपत्रं. एवढं झाल्यावर त्या एखाद्या कंपनीच्या सीएसआर विभागात जातात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक टप्पा गाठलेल्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते. पैसा आहे. पण बाहेरच्या संस्थेमार्फत काम करून घ्यायचं तर त्या संस्थेला तशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. परदेशी देणगीसाठी एफसीआरए नोंदणी हवी असेल तर संस्था तीन वर्षांची जुनी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेली हवी.

हे नियम उगाच आलेले नाहीत. कागदावर संस्था काढून पैसे उचलणारेही आपण पाहिले आहेत. पण या तीन वर्षांचा अर्थ नीट बघा. तीन वर्षं काम केलं असेल तर पैसे मिळतील. आणि तीन वर्षं काम करायला पैसे कोण देणार, हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर छापलेला नाही. पूर्वी मोठी संस्था आपल्या परदेशी निधीतून छोट्या गटाला थोडी रक्कम देऊ शकायची, शेजारणीला वाटीभर विरजण द्यावं तशी. २०२० च्या दुरुस्तीनं परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी आली आणि ती वाटही बंद झाली. तेव्हा पहिली तीन वर्षं उरतात ती मित्रांच्या वर्गणीवर, घरच्यांच्या सोसण्यावर आणि जे थोडे निधी नव्या कामाला हात द्यायला तयार असतात त्यांच्यावर.

अशाच एका छोट्या निधीच्या निवड समितीवर मी काही वर्षं होतो. एकदा बीड जिल्ह्यातल्या एका तरुणाचा अर्ज आला. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेल्या पोरांसाठी कोप्यांवर संध्याकाळची शाळा चालवायची, त्यासाठी ४० हजार रुपये. अर्ज हातानं लिहिलेला. ‘अपेक्षित परिणाम’ या रकान्यात एकच वाक्य होतं: ‘पोरं येतात का, हेच आधी बघायचंय.’ समितीतले एक जण म्हणाले, याला अर्ज भरायचं कळत नाही. दुसरे म्हणाले, पंचवीस अर्जांत खरं बोललेला हा एकटाच आहे. तासभर वाद झाला आणि पैसे दिले.

जानेवारीत मी ते पाहायला गेलो. कारखान्याच्या मागच्या माळावर पाचटाच्या कोप्या, मध्ये बैलगाड्या, चुलींचा धूर. टोळी फडातून परतली तेव्हा अंधारून आलं होतं. एका कोपीसमोर तीन चटया टाकलेल्या, दोन सौर कंदील, आणि चौदा-पंधरा पोरं. एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभ्यानंच पाटीवर लिहीत होती. खाली ठेवलं की तो रडायचा. वर्ग संपल्यावर तरुणानं खर्चाची वही पुढं केली. चटया, कंदील, खडू, पेट्रोल, पाट्या, बिस्किटं, पुन्हा बिस्किटं. मध्येच एक नोंद: ‘चप्पल शिवणे (पूजा) ३० रु.’ बिस्किटांवर इतका खर्च कसा, असं मी विचारलं. तो म्हणाला, ‘सर, पहिले चार दिवस बिस्किटाला आली. पाचव्या दिवशी बिस्किटं संपली, तरी आली. मग कळलं, येतात.’

त्याच्या अपेक्षित परिणामाचा रकाना पाचव्या दिवशीच भरला होता.

पुढचं मात्र कुणी धरलं नव्हतं. फेब्रुवारीत त्या भागातला ऊस संपला, मुकादमानं टोळी दुसऱ्या फडावर हलवली आणि शाळा एका रात्रीत रिकामी झाली. वर्षाअखेरीला आलेल्या हिशेबात ६४० रुपये शिल्लक होते आणि ते कुठल्या खात्यावर परत पाठवू, अशी विचारणा होती. बरोबर दोन पानांचं पत्र होतं. त्यात त्यानं लिहिलं होतं की टोळीच्या मागं शाळा पळवण्यात अर्थ नाही; पोरं गावातच आजी-आजोबांकडं राहतील अशी सोय हंगामापुरती केली पाहिजे, आणि उचल घेतानाच आईबापांशी ते बोललं पाहिजे. आमच्या सीएंनी ‘चप्पल शिवणे’ कुठल्या हेडखाली घालायचं ते विचारलं. आमच्यापैकी काहींना हा प्रयोग फसलेला वाटला. मला वाटलं, ४० हजारांत त्यानं आम्हाला एका हंगामाचं शहाणपण विकत घेऊन दिलं. हेच शहाणपण ४० लाखांचा प्रकल्प उभारून मिळालं असतं तर किती महाग पडलं असतं! दुसऱ्या वर्षी त्यानं नव्या दिशेनं अर्ज केला आणि आम्ही तो वाद न घालता मंजूर केला. ६४० रुपये परत घेतले नाहीत.

याच्या अगदी उलट गोष्टही सांगितली पाहिजे. माझ्या ओळखीचा एक गट होता. दरमहा प्रत्येकी शंभर रुपये काढून वस्तीत अभ्यासिका चालवायचा. नळाला पाणी आलं की वर्ग सोडून हंडे भरायला पळायचं आणि परत यायचं, असं सगळं घरगुती. त्यांचं काम पाहून एका देणगीदारानं मोठी रक्कम दिली. रकमेबरोबर समन्वयकाचं पद आलं, त्याला पगार आला, इतरांना प्रवासभत्ता आला. दर आठवड्याला बॅनरसकट फोटो पाठवायचे, मुलांची हजेरी ॲपवर घालायची, दर तिमाहीला प्रगतीचा तक्ता द्यायचा. वर्षभरात शंभर रुपये काढणं बंद झालं, कारण ‘आता फंडिंग आहे’. पगार कुणाला आणि भत्ता कुणाला, यावरून बोलणं बंद झालं. दोन वर्षांनी देणगीदाराचं प्राधान्य बदललं आणि अभ्यासिकेला कुलूप लागलं. कुणी पैसे खाल्ले नाहीत, कुणी लबाडी केली नाही. विरजण जास्त झालं आणि भांडं सारखं हलवलं, इतकंच.

म्हणून तिसरी गोष्ट, हात आवरण्याची. पहिला पैसा देणाऱ्यानं काय विचारावं? पैसे कशावर गेले हे जरूर विचारावं. वही बघावी, आकस्मिक जाऊन वर्गात बसावं, व्हाउचर नसेल तर खडसावावं. पण ठरवलेलंच का केलं नाही, असं विचारू नये, कारण पहिल्या वर्षात ठरवलेलं बदलणं हेच काम असतं. आणि चांगला पहिला पैसा अशा गोष्टींना मिळतो ज्यांचा फोटो निघत नाही: खोलीचं भाडं, एसटीचं तिकीट, मोबाईलचं रिचार्ज, आणि सगळ्यांत आधी, काम करणाऱ्या माणसाचं पोट.

या पोटाची आठवण महाराष्ट्रात काहींनी फार सुंदर रीतीनं ठेवली. ‘लग्नाची बेडी’ हे आचार्य अत्र्यांचं १९३६ सालचं नाटक. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा अशी नामवंत मंडळी ते घेऊन रंगमंचावर उभी राहिली, ती सामाजिक कृतज्ञता निधीसाठी. बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर यांच्यासारखे कार्यकर्ते त्यामागं होते. त्या निधीतून चळवळीत पूर्णवेळ काम करणाऱ्यांना दरमहा मानधन द्यायचं ठरलं. नावातच ‘कृतज्ञता’ आहे, हे लक्षात घ्या. देणाऱ्यानं उपकार केल्याचा आव आणायचा नाही. तुम्ही आमच्या वाटचं काम करता, त्याचं हे ऋण. माणसाला पोसायचं, प्रकल्प तो बघेल, हा विचार इतरत्रही रुजला. ‘अशोका’ या जागतिक संस्थेची पहिली फेलोशिप ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मिळाली ती मुंबईतल्या ग्लोरिया डिसूझा या शिक्षिकेला, परिसरातून शिकवण्याच्या पद्धतीसाठी.

पुरस्कारांची गोष्ट निराळी. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी १९७८ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र फाउंडेशनच्या पुरस्कारांनी किती कार्यकर्त्यांच्या कामाची ओळख सगळ्या महाराष्ट्राला करून दिली, हे वेगळं सांगायला नको. पण पुरस्कार दही लागल्यावर येतो. चव घेऊन वाहवा करणाऱ्यांची गरज असतेच. फक्त दूध कोमट असताना तिथं कुणीतरी हवं.

पुस्तकाविषयी दोन शब्द. यातली सगळी कामं यशस्वी झालेली नाहीत, आणि संपादकांनी फसलेल्या कामांना मागच्या बाकावर बसवलेलं नाही, याबद्दल त्यांचं कौतुक. वाचकांना माझं सांगणं एवढंच की ती प्रकरणं गाळू नका. पैसे देणाऱ्यांनी ती आधी वाचावीत. काम सुरू करू पाहणाऱ्यांनी खर्चाचे तक्ते वाचावेत, कारण त्यांतल्या ‘किरकोळ’ या ओळीत बऱ्याचदा सगळी गोष्ट दडलेली असते.

राहता राहिली आजीची एक सवय. दही कितीही छान लागलेलं असो, पाहुणे कितीही असोत, ती ताटं वाढण्याआधी एका छोट्या वाटीत चमचाभर दही बाजूला काढायची. उद्याचं विरजण. शेजारच्या घरी कुणाचं संपलं असेल तर त्यातलंच द्यायची. वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली, तिच्यातून आनंदवन उभं राहिलं. आणि आनंदवन स्थिरावल्यावर त्याच समितीनं १९७३ साली दूर भामरागडच्या जंगलात, हेमलकशाला, लोकबिरादरी प्रकल्पाला हात घातला. तिथं छोटं रुग्णालय बांधायला पुढं स्वित्झर्लंडच्या ‘स्विसएड’चे पैसे आले, पण पहिला चमचा वरोऱ्याहून गेला होता. ज्या संस्थांना कधीकाळी कुणीतरी काहीच नसताना दिलं, त्या आज महाराष्ट्रभर भरल्या घरासारख्या आहेत. पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक मांडताना त्यांनी त्यात एक ओळ वाढवावी, शेजारच्या नव्या कामासाठी. रक्कम वाटीत मावेल एवढीच असली तरी चालेल.